चार फुटी टाकीची जागा

आमच्या डोंबिवलीच्या घरात मासा यायचा तो आईच्या पिशवीतून. बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि तोही कल्ले उघडून तपासलेला, भाव करून करून आणलेला. जिवंत मासा आमच्याकडे एकदाच आला. तो काकाच्या हातून, तोंडाला रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, दोन इंचांचा, काळ्या अंगावर तांबूस रेघोट्या असलेला. आईने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "एवढासा? ह्याचं करायचं काय, भावोजी?" काका म्हणाला, "पाळायचा, वहिनी." आईचं माहेर गुहागरकडचं, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. मासा पाळतात ही कल्पना तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. "बरं बाई," ती म्हणाली, "आता माशालाच मासे खायला घालायचे." आणि ती कांदा चिरायला आत गेली.

घर तळमजल्यावर होतं. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी. राहणारे आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि काका. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ विनायक. बाबा त्याला विनू म्हणत. माझ्या जन्माच्या आधी गावाहून तो "नोकरी लागेपर्यंत" म्हणून आला, कळव्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, आणि राहिलाच. लग्न झालं नव्हतं. दोन-तीन ठिकाणी जमत आलं होतं. एकदा मुलीकडची माणसं घर बघायला आली, चहा-पोहे झाले, आणि मुलीच्या मामाने आत डोकावून विचारलं, "आणि दुसरी खोली?" त्यानंतर तो विषय मागे पडला. आई आणि मी स्वयंपाकघरात झोपायचो, बाबा बाहेरच्या खोलीत गादी घालून, आणि काका त्याच खोलीत, दार आणि खिडकीच्या मधल्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कॉटवर.

त्या कॉटबद्दल थोडं सांगायला हवं. झोपायला ती काकाची होती, पण दिवसा सगळ्यांची. आलागेला तिच्यावर बसायचा. धुतलेले कपडे तिच्यावर पडायचे, मी तिच्यावर पालथी पडून अभ्यास करायचे, बाबा पेपर वाचायचे. खाली काकाची ट्रंक, बाबांच्या जुन्या फायली आणि मे महिन्यात आंब्यांची पेटी. काकाची रात्रपाळी असली की तो सकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि शेजारच्या काकू त्याच्या पायाशी बसून आईशी गप्पा मारायच्या. त्याची कधी झोपमोड झाली असेल तर त्याने ती कुणाला कळू दिली नाही. आई कौतुकाने म्हणायची, "आमचे भावोजी समजून घेतात हो." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की समजून घेणं हा मला त्याच्या स्वभावाचा भाग न वाटता त्याचं एक कामच वाटायचं, कळव्याच्या नोकरीसारखं.

माशाचं मूळ मात्र काकात नव्हतं, शोकेसमध्ये होतं. त्या वर्षी बाबांनी सुतार लावून भिंतभर शोकेस करून घेतली. त्या काळात घराघरांत ही साथ आली होती. शोकेसमध्ये टीव्हीसाठी दोन फुटांचा खण ठेवला होता, आणि टीव्ही काही ना काही कारणाने लांबत होता. रिकामा खण बाबांना बघवेना. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी तसल्याच खणात माशांची टाकी होती, दिवा वगैरे लावलेली. मग एका रविवारी बाबांनी खणाचं माप सुतळीवर घेतलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि सुतळी काकाच्या हातात देऊन म्हणाले, "विनू, कल्याणला बाजारात मिळतात म्हणे. ह्या मापाची घेऊन ये." काकाने सुतळी खिशात घातली आणि मला म्हणाला, "नंदे, चल येतेस?"

कल्याणच्या बाजारात धान्याच्या वखारी ओलांडून गेलं की एक बोळ होता, तिथे ते दुकान. आत दमट वास, सगळीकडे पाण्याची बुडबुड. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो, "जागा केवढी आहे?" काकाने सुतळी काढून दिली. दुकानदाराने ती काउंटरवर ताणली, दोन फुटी टाकी खाली काढली, आणि मग म्हणाला, "आता मासा कुठला देऊ?" मी त्या काळ्या-तांबूस पिल्लाकडे बोट दाखवलं, कारण बाकीचे मासे आपापल्या नादात फिरत होते आणि ते एकटंच काचेशी येऊन माझ्याकडे बघत होतं. "ऑस्कर," दुकानदार म्हणाला. "हुशार मासा आहे. माणूस ओळखतो." काकाने विचारलं, "मोठा केवढा होतो हा?" "टाकीएवढा." "म्हणजे?" "अहो म्हणजे टाकी लहान तर मासा लहान. जागा बघून वाढतो तो. समजून घेतो." काका थोडा वेळ त्या पिल्लाकडे बघत उभा राहिला. लोखंड-पितळ घासण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला ते पटलं नसावं. पण सुतळी बाबांची होती.

पिल्लाचं नाव आईने ठेवलं. पहिल्या आठवड्यात त्याने दुकानातून आणलेल्या गोळ्या तोंडात घेतल्या आणि थुंकल्या. आईने गंमत म्हणून सोललेल्या कोलंबीचा तुकडा टाकला, तो त्याने गपकन घेतला आणि वर तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कोलंबी नव्हती, तर हे महाशय तळाशी आडवे पडले, मेल्यासारखे. मी रडायच्या बेतात. आई येऊन म्हणाली, "मेला नाही गं, रुसलाय. कोलंबी हवी, मान हवा, नाही मिळालं की तोंड फिरवायचं. जावईच आहे हा." तेव्हापासून तो जावई. रविवारी कोलंबी साफ करताना दोन मोठ्या कोलंब्या बाजूला निघायच्या, आणि बाबांनी विचारलं की आई म्हणायची, "जावयाच्या आहेत, हात लावू नका." ज्या बाईला मासा पाळायचं कळत नव्हतं ती आता भाकरी थापताथापता बाहेर डोकावून त्याच्याशी बोलायची. घराच्या आवाजांत त्याचे दोन आवाज वाढले. एक हवेच्या पंपाची घरघर, आणि दुसरा म्हणजे जावई तळातले खडे तोंडाने उचलून काचेवर टाकायचा, तो. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना मध्येच एक टक् व्हायचं.

दर रविवारी काका त्याला मोजायचा. कंपनीतली स्टीलची पट्टी काचेला लावायची, कोलंबीचा तुकडा दाखवून त्याला पट्टीसमोर आणायचं आणि मी वहीत लिहायचं. मला माप घ्यायला काकाने शिकवलं ते तिथेच. डोळा पट्टीसमोर सरळ हवा, आणि आकड्याखाली तारीख हवीच. "तारीख नाही तर ते माप नाही," तो म्हणायचा. कारखान्यातली सवय. आणखी एक गोष्ट तो सांगायचा: "आधी वस्तू मोजायची, मग जागा. उलटं केलंस की हाल वस्तूचे होतात." पाडव्याला दोन इंच असलेला जावई मे महिन्यात साडेतीनवर गेला, आषाढात पाचच्या पुढे. दुकानदार म्हणाला होता तसं काही समजून घेण्याचं लक्षण त्याच्यात दिसत नव्हतं.

गणपतीच्या आधी काकाची अक्कलदाढ दुखायला लागली. ठाण्याला एका दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्याने ती काढून घेतली आणि दुपारी तो सुजलेला गाल धरून घरी आला. आईने मऊ भात आणि मेतकूट केलं. तोंडातला कापसाचा बोळा सांभाळत तो जे बोलला त्यात दाढेचं काहीच नव्हतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात टाकी होती आणि त्या टाकीत जावयाचा भाऊबंद होता. "फूटभर," काका म्हणाला आणि दोन्ही हातांनी दाखवलं. "वहिनी, पापलेटएवढं तोंड त्याचं." संध्याकाळी बाबा आल्यावर त्याने त्यांनाही सांगितलं. असा मासा सरळ राहून वळायचा म्हणजे टाकीची रुंदी त्याच्या लांबीपेक्षा जास्त हवी. फूटभर मासा, तर दीड फूट रुंदी आणि चार फूट लांबी. त्याहून कमी चालायचं नाही. बाबा हसले. "अरे, टाकीएवढाच वाढतो तो, ऑफिसात सगळे सांगतात. आणि चार फुटी टाकी ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?" काका म्हणाला, "तेही आहेच. बघू." पुढे दिवाळी गेली तरी त्याचं उत्तर तेच होतं. जागा नाही, बघू.

मी आता ठाण्यात एका उंच इमारतीत राहते. शेजारच्या मुलाने गेल्या महिन्यात टाकी घ्यायची ठरवली आणि मला दाखवायला मोबाइलवर फोटो घेऊन आला. "काकू, सोफ्याच्या बाजूला ही मस्त दिसेल ना?" मी विचारलं, मासे कुठले? म्हणाला, ते नंतर बघू. मी त्याला बसवून घेतलं आणि तासभर पिडलं. मासा मोठा झाल्यावर केवढा होणार ते आधी विचार. दुकानातलं पिल्लू बघू नकोस, पिल्लू सगळ्यांचंच गोड असतं. रुंदी बघ, नुसती लांबी काय चाटायचीय. आणि पाण्याचं वजन धर, चार फुटी टाकी म्हणजे अडीचशे किलो होतात. पोरगं बिचारं हो हो करत उठलं. त्याच्या आईने नंतर मला विचारलं, तुमच्याकडे होती का हो टाकी? मी होती म्हटलं आणि विषय बदलला.

दिवाळीनंतर टाकीतलं चित्र बिघडत गेलं. जावई आठ इंचांचा झाला होता. वळताना शेपटी मागच्या काचेला घासायची, त्याने तिच्या कडा फाटल्या. पाणी दोन दिवसांत धुरकट व्हायचं. काका पाळी करून येऊन बादल्या भरायचा, आणि आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं, त्यात जावयाचा वाटा काढताना आईची चिडचिड व्हायची. मग जावयाने वळणंच कमी केलं. एका कोपऱ्यात तिरका उभा राहायचा, कोलंबी टाकली तर पुढे यायचा आणि तसाच मागे मागे सरकत कोपऱ्यात जायचा. संक्रांतीच्या सुमाराला त्याच्या पाठीला किंचित बाक आल्यासारखा वाटायला लागला. मी काकाला म्हटलं, "काका, हा मरेल." तो पट्टी पुसत होता. म्हणाला, "लगेच नाही मरत. असेच राहतात वर्षानुवर्षं."

मी नववीत होते. चित्रकला आणि भूमिती सोडून मला काही येत नव्हतं, आणि ह्या दोन्हींचा उपयोग दाखवायची ही संधी होती. मी ठरवलं की जागा आपण शोधायची. काका कामावर असताना मी त्याचा टेप घेऊन सगळं घर मोजलं आणि आलेख कागदावर एक फुटाला दोन चौकोन धरून नकाशा काढला. शोकेसची भिंत गेली, ती भरलेली. कपाटाच्या भिंतीत आतलं दार. खिडकीखाली ठेवली तर ऊन यायचं. स्वयंपाकघरात आईने मला उभं केलं नसतं. त्याच प्रमाणात चार फूट बाय दीड फुटाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून मी तो कागदावर सगळीकडे सरकवून बघितला आणि तो एकाच ठिकाणी बसला. दार आणि खिडकीच्या मधली भिंत. तिथे मी आधी 'कॉट' लिहून चौकोन काढला होता. मी तो खोडरबराने पुसला आणि तिथे 'टाकी' लिहिलं. इतका आनंद झाला मला, काय सांगू. नुसत्या 'कॉट' ह्या शब्दाच्या जागी मी 'काकाची कॉट' लिहिलं असतं तर कदाचित हात अडला असता. पण दिवसभर जिच्यावर मीच लोळायचे तिला काकाची म्हणायचं मला सुचलंच नाही.

रविवारी जेवताना मी कागद सगळ्यांच्या मध्ये ठेवला. कोलंबीचा रस्सा होता, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी उभी राहून शाळेत सांगतात तसं समजावलं. कॉट काढली की इथे चार फुटी टाकी बसते, ऊन लागत नाही, पंपाला बटण जवळ आहे. बाबांनी कागद उचलून चष्म्याजवळ धरला. "हं," ते म्हणाले, "ड्रॉइंग छान काढलंयस गं." आई हात धुऊन येऊन बघायला वाकली. "मग पाहुणे कुठे बसणार?" बाबा म्हणाले, "दोन घडीच्या खुर्च्या घेऊ. सुटसुटीत होईल." आई म्हणाली, "आणि खालची आंब्यांची पेटी?" "ती मोरीच्या माळ्यावर." असं सगळ्याचं ठरलं. पाहुण्यांचं, आंब्यांचं, फायलींचं. काका झोपणार कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. बाबांनी नाही, आईने नाही, मीही नाही. काका जेवता जेवता उठला, हात धुतला, टेप घेतला, कॉट जरा पुढे ओढून भिंतीचं माप घेतलं, आणि टेपचा खट्ट आवाज करून परत पानावर बसला. "बरोबर आहे माप," तो मला म्हणाला. मग त्याने रस्सा वाढून घेतला.

कॉट काढूनही बाबांच्या गादीशेजारी काकाची गादी बसली असती. टाकीची रुंदी दीड फूट, कॉटची अडीच. उलट फूटभर जागा वाढतच होती. हे मी नंतर, नकाशे काढणं हाच पोटाचा धंदा झाल्यावर, मनातल्या मनात कितीदा तरी मोजलंय. दर वेळी बसतं.

पंधरा दिवसांनी काकाने सांगितलं की कंपनीतल्या एकाची टिटवाळ्याला चाळीतली जागा रिकामी आहे, भाडं जुजबी, हवा उत्तम. "तिकडून कळवा लांब पडेल रे, विनू," बाबा म्हणाले. "गाडीत बसायला मिळतं," काका म्हणाला. बाबा त्याला आणखी काही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी पेपर उलगडला. माझे बाबा दुष्ट नव्हते. भावाला त्यांनी पंधरा वर्षं सांभाळलं होतं आणि एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते दमले होते, एवढंच असावं. आई मात्र रडली. मसाला, कुळीथ पीठ, सुकटाची बरणी असं सगळं बांधून देताना ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "भावोजींचं हो, किती समजून घेतात." टेम्पो आला, कॉट आणि ट्रंक चढली. काकाने जावयाच्या काचेवर बोटाने टकटक केलं आणि तो गेला.

कॉट निघाल्यावर आईने मला झाडू दिला. भिंतीच्या त्या भागावर कॉटच्या उंचीच्या वर काकाच्या पाठीचा तेलकट डाग होता. त्याच्या खाली, कॉटच्या लोखंडी पट्टीच्या मागे जिथे नजर जाणार नाही अशा जागी, पेन्सिलीच्या दोन उभ्या खुणा होत्या. फिटर लोक काढतात तसे बारीक बाण, मधोमध ४८ आकडा, म्हणजे इंचांत चार फूट, आणि आकड्याखाली तारीख. मला वाटलं त्या रविवारची असेल. मी वाकून वाचली. ती दाढ काढली त्या दिवसाची होती. सुजलेल्या गालाने, मऊ भात खायच्या आधी कधीतरी, त्याने मासा मोजला होता आणि मग जागा मोजली होती. पाच महिने त्याला माहीत होतं. पाच महिने तो आम्हाला सांगत होता, जागा नाही, बघू. मी झाडू घेऊन तिथेच बसून राहिले. आईने आतून विचारलं, "झालं का गं?" मी झालं म्हटलं. खुणा पुसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी टाकी आली. काका टिटवाळ्याहून सकाळीच आला होता, लोखंडी स्टँड त्यानेच जोडून आणला होता. लेव्हल लावून त्याने तो बसवला, एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवली, बादल्या ओतल्या. टाकीमागे खुणा झाकल्या गेल्या. काकाने ते बघितलं, मीही बघितलं. जावयाला बादलीतून नव्या टाकीत सोडलं तसा तो तळाशी आडवा पडला. आई म्हणाली, "रुसलाय." तासाभराने तो उठला, काचेच्या कडेने एका टोकापर्यंत गेला आणि तिथे वळला. शेपटी कुठेही न घासता, सावकाश, पूर्ण. आणि मग परत उलट दिशेने जाऊन तिकडेही वळला. काका गुडघ्यांवर हात ठेवून बघत होता. एवढा खूश झालेला मी त्याला क्वचित बघितला असेन. "आता बघ," तो म्हणाला. आई म्हणाली, "जेवून जा, भावोजी, बांगडा केलाय." "नको वहिनी," काका म्हणाला, "तिकडे भात लावून आलोय." आईने हातातला पळा परत पातेल्यात ठेवला.

पहिले काही महिने तो रविवारी पाणी बदलायला यायचा. मग मी शिकले आणि तो सणावारी यायला लागला. आम्ही कुणी टिटवाळ्याला गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो. काय होतं तिकडे त्या वेळी, भाताची शेतं आणि चार चाळी. आज तिथे उभ्या राहिलेल्यांपैकी दोन-तीन इमारतींचे नकाशे माझ्याच हातचे आहेत. मी गेले ती पाच वर्षांनी, पदविका संपून ठाण्याला एका ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली तेव्हा, पेढे घेऊन. काका दारातच खुर्चीवर बसला होता. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर मिरचीच्या कुंड्या. बाहेरच्या खोलीत स्टोव्ह, रेडिओ, खुंटीला शर्ट. मी पेढा हातावर ठेवल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "जावई वळतो ना नीट?"

"वळतो. बारा इंचांवर थांबला. तू म्हणालेलास तेवढाच," मी म्हटलं. "पाठीचा बाक थोडा राहिलाय."

"तो राहणार," काका म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

मी पाच वर्षं धरून ठेवलेलं त्याच्या पाठीला उद्देशून बोलले. समोरासमोर जमलं नसतं. "काका, कॉटमागे खुणा होत्या. दाढ काढलीस त्या दिवशीच्या."

"बघितल्यास होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? कॉट माझी. मीच कसं म्हणू, हलवा म्हणून?" त्याने स्टोव्हला पंप मारला. "बघत होतो दुसऱ्या कुणाला सापडतंय का."

"आणि मी तो कागद काढलाच नसता तर?"

"तर मासा देऊन टाकला असता त्या दातांच्या डॉक्टरांना. त्यांना विचारून ठेवलेलं मी. हो म्हणाले होते." एवढं बोलून त्याने आलं किसायला घेतलं, जणू मी त्याला कालची भाजी कुठली विचारली होती.

म्हणजे मी गप्प बसले असते तर मासा गेला असता आणि काका राहिला असता. मी उगीच खोलीभर नजर फिरवायला लागले. खुर्ची, ट्रंक, रेडिओ, गुंडाळलेली चटई. ती लोखंडी कॉट मला कुठेच दिसेना. आणि काही विचार न करता माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तू झोपतोस कुठे?"

त्याचा हात थांबला. वळून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग तो हसला. तोंडभर, दाढ नव्हती ती जागा दिसेपर्यंत.

"विचारलंस बाई एकदाचं," तो म्हणाला. "आत आहे कॉट. खिडकीपाशी लावलीय, वारा येतो. जा, बघून ये."

मी आत गेले. कॉट होती, चादर ताणून घातलेली, आणि तिच्या चारही बाजूंना मोकळी जागा होती. मी तिच्यावर बसले आणि रडले. बाहेर चहाला उकळी आल्याचं ऐकू येत होतं, पण काका दोन मिनिटं तरी मला हाक मारायला आला नाही.